विसरून मोडलेला उपवास

आमच्या जऊळक्यात काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट. एक तरुण शेतकरी मायच्या तिथीला दिवसभर अन्न घेत नसे. श्राद्ध थोरला भाऊ घाली, श्राद्धशेषही तोच घेई. हा ह्याचा आपला वेगळा नेम. त्या दिवशी शेतात सोबत्यांनी शिदोरी सोडली आणि बोलता बोलता ह्यानेही भाकरीचा तुकडा तोंडात घातला. घास गिळला आणि आठवण झाली. सायंकाळी हरिपाठाच्या वेळी रडवेला होऊन माझ्याकडे आला. मी पोथीपंडित, झटकन बोलून गेलो, "मोडला तो मोडला. आता जेव, उद्या दुसरा कर."

तो म्हणाला, "उद्या मायची तिथी थोडीच राह्यते, महाराज?"

मी निरुत्तर झालो. "बस मग," एवढेच म्हटले. तो टाळ घेऊन बसला.

पंढरपूरच्या बाबा पाध्यांनी १७९० साली लिहिलेल्या धर्मसिंधूत व्रतभंगाचा विचार आहे. क्रोधाने, लोभाने वा प्रमादाने व्रत मोडले तर तीन दिवस उपोषण, मुंडन, आणि मग पुन्हा व्रत धरावे. परंतु मला विचारले होते ते त्या दिवसाच्या उरलेल्या प्रहरांविषयी!

पुढे अलिबागेस कीर्तनाला गेलो असता एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, गृहस्थांची गाठ पडली. ह्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून 'शनिवार तेली'. एकोणिसाव्या शतकात ह्या मंडळींनी आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तनेही केली, हे ऐकून मला मोठे कौतुक वाटले. असो. ज्यू लोकांत आईबापांच्या मृत्युतिथीला उपवास करण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. योसेफ कारो ह्यांचा 'शुल्हान आरुख' हा निर्णयग्रंथ १५६५ साली व्हेनिसला छापला गेला. त्यात असे आहे की, 'एक दिवस उपवास करीन' एवढाच नवस असेल आणि विसरून जैतुनाच्या फळाएवढे खाल्ले, तर तो उपवास गेला. दुसऱ्या दिवशी करावा. पण नेम अमुकच दिवसाचा असेल, तर विसरून खाल्ले तरी तोच दिवस शेवटपर्यंत पाळावा. मृत्युतिथी ह्या दुसऱ्या प्रकारात येते.

आमच्या शेतकऱ्याने ग्रंथ न पाहता हेच सांगितले होते. घागर फुटली की पाणी गेले, तसे समजून मी बोललो, ते चुकलेच. पहाटेपासून दुपारपर्यंत तो मायजवळ होता, एका घासापुरता दूर गेला. परत जायला त्याला कोण अडवतो? जाणूनबुजून खाणाऱ्याची गोष्ट निराळी. आणि 'मोडलाच आहे' म्हणून विसरणाराच पुढे पोटभर जेवला, तर तो दुसरा घास काही विसरून घेतलेला नव्हे.

गावी आल्यावर त्याला हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "त्यायची तिथी कोन्त्या पंचांगानं धरतात?" त्यांचेही महिने चंद्रावर चालतात, अधिक महिनाही येतो, असे म्हटल्यावर त्याचे समाधान झाले.