नृसिंहाची सांज कुठली?

परभणी–परळी लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचं स्टेशन आहे. गावाच्या नावाला देवाचं नाव जोडलेलंच. इथून कुणी न्यूयॉर्कला मुलाकडे निघालं, की परभणीहून रेल्वेने मुंबई गाठण्यातच अख्खी रात्र जाते. अंतर जेमतेम साडेपाचशे किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटर, आणि थेट विमानाला लागतात पंधरा-सोळा तास.

वैशाख शुद्ध चतुर्दशी जवळ आली, की तिकडच्या घरात प्रश्न निघतो : नृसिंह जयंतीचा उपास कोणत्या दिवशी धरायचा?

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. हिरण्यकश्यपूला वर होता, दिवसा मरण नाही नि रात्री नाही, घरात नाही नि बाहेर नाही, जमिनीवर नाही नि आकाशात नाही. म्हणून देव सांजेला प्रकटला, उंबरठ्यावर बसला आणि त्याला मांडीवर घेतलं. सूर्यास्त हा या कथेचा प्राणच आहे, आणि उंबरठा कुठल्या तरी एका घराचाच असतो.

तिथीचं तसं नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी सरते, आणि तो क्षण साऱ्या पृथ्वीला एकच. सूर्यास्त मात्र गावागावाचा वेगळा.

2025 सालचंच पाहा. भारतात चतुर्दशी 10 मेच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास लागली आणि 11 मेच्या रात्री आठला संपली. सूर्यास्ताला चतुर्दशी दोन्ही दिवशी होतीच, त्यातला दुसरा दिवस धरला गेला : पोखर्णीत जयंतीची सांज 11 तारखेला, पावणेसातच्या आसपास. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे सव्वानऊ वाजले होते. तिथे संध्याकाळ होईपर्यंत पौर्णिमा लागलेली. म्हणजे न्यूयॉर्कची खरी सांज 10 मेची, रात्री आठच्या सुमाराची. तेव्हा पोखर्णीत 11 तारखेची पहाट होत होती. घड्याळात मागे असलेल्या अमेरिकेत देव तेरा तास आधी प्रकटला!

मग फोनवर दिसणाऱ्या पोखर्णीच्या आरतीचं काय? ती जरूर पाहावी, डोळे भरून पाहावी. पण व्रत आपल्या उंबरठ्यावरच्या सूर्यास्ताचंच धरावं. प्रल्हादासाठी देव खांबातून आला तो त्याच घरातल्या. दुसरीकडच्या सांजेवर उपास धरला, तर कथेतला उंबरठाच निसटतो.

विमानात बसलेल्याची गोष्ट आणखी अवघड. परभणीच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. विमानाचा वेग नऊशेच्या घरात, त्यामुळे इथे पश्चिमेला उडूनही सूर्य हातून सुटतो. साठ अंश उत्तरेला मात्र जमिनीचा वेग साडेआठशेच्याही खाली येतो. तिथे पश्चिमेकडे निघालेल्या विमानाच्या खिडकीत मावळतीचा तांबूस पट्टा तासन्‌तास तसाच राहू शकतो. खाली जमीन नाही, बाहेर दिवस नाही नि रात्र नाही, आणि मांडीवर उपासाच्या फराळाचा न उघडलेला डबा.