श्रद्धेकडून निष्ठेकडे



एका माउलीचा कर्ता मुलगा अकाली लिंगैक्य झाला. समाधीचा विधी आटोपला, माणसे पांगली. तेव्हा तिने गळ्यातले लिंग मुठीत धरून विचारले, "तीस वर्षांत एक दिवस पूजा चुकवली नाही. मग हे माझ्याच घरी का?" हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आज ना उद्या तो तुमच्या-आमच्या दारी येणारच आहे. म्हणून त्याचा विचार सुखाच्या दिवसांतच करून ठेवावा.

या प्रश्नात नकळत एक हिशेब दडलेला असतो. मी पूजा करावी आणि शिवाने माझे घर राखावे. आपल्या शरणांनी असा करार कधी केला होता काय? कल्याण नगरी आठवा. बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण ते हेच. समगार हरळय्या आणि ब्राह्मण कुळात जन्मलेले मधुवरस हे दोघेही शरण. लिंगधारण झाल्यावर जात उरत नाही, या श्रद्धेने त्यांनी आपल्या मुला-मुलीचा विवाह लावला. त्याबद्दल बिज्जळ राजाने दोघांनाही देहदंड दिला. 1167 च्या सुमारास कल्याणात रक्त सांडले आणि शरणांना घरेदारे सोडून बाहेर पडावे लागले. चन्नबसवेश्वरांसह काही शरण वचनांचा ठेवा जपत दाट अरण्यातून उळवीला पोहोचले, असे परंपरा सांगते. माघी पौर्णिमेच्या यात्रेला आपल्या भागातून बैलगाड्या जातात ते हेच उळवी.

या शरणांच्या भक्तीत काय उणे होते? काहीच नाही. तरी संकट आले. किंबहुना भक्तीपायीच आले. तेव्हा संकट हा भक्तीतील उणिवेचा दंड आहे, असे कोणी म्हणू लागला तर त्याला कल्याणची वाट दाखवावी.

मग श्रद्धेचा उपयोग काय? याचे उत्तर षट्स्थलात आहे. पहिल्या भक्तस्थलाची भक्ती ती श्रद्धाभक्ती आणि दुसऱ्या महेशस्थलाची ती निष्ठाभक्ती. नावे शेजारी-शेजारी असली तरी मधला ओढा खोल आहे. श्रद्धा भरल्या घरातही फुलते. निष्ठा आपल्यापाशी आहे की नाही, हे मात्र घर रिते झाल्याशिवाय आपले आपल्यालाही कळत नाही.

आता आपल्या आचारातील एक गोष्ट पाहा. लिंगधारकाला पंचसूतके नाहीत, प्रेतसूतकही नाही. ही केवळ विधीतली सवलत आहे असे आपण समजतो. परंतु तिचा अर्थ मोठा आहे. घरात मृत्यू झाला त्या दिवशीही आपली लिंगपूजा थांबत नाही. ज्या दिवशी माणूस सर्वांत एकटा पडतो, नेमक्या त्याच दिवशी इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर असते. हात थरथरेल, डोळे भरतील, मंत्र अडखळेल. अडखळू द्यावा. विभूती लावावी आणि दृष्टी लिंगावर ठेवावी. घटकाभर मन एका जागी टेकते. तेवढ्या बळावर उठून भाकरी थापता येते, गुरांना पाणी दाखवता येते, दुकानाची फळी काढता येते. त्या दिवसाचे कायक त्या दिवशी पार पडते. उद्याचे बळ उद्याच्या पूजेत. दुःख जात नाही, पण दुःखासकट उभे राहता येते.

येथे एक सावधगिरी हवी. तिसरे स्थल प्रसादीचे. जे वाट्याला येईल ते प्रसाद म्हणून घ्यावे, अशी तेथील वृत्ती. पण ही गोष्ट ज्याची त्याने स्वतःलाच सांगायची असते. शोकाने कोसळलेल्या आईला "हा शिवाचा प्रसाद समज" असे सांगणे हे ज्ञान नव्हे, तो निष्ठुरपणा आहे. तिच्यापाशी आपला धर्म दासोहाचा. तिच्या घरी पाणी भरावे, चूल पेटवावी, नातवंडांच्या शाळेकडे पाहावे. गुरु, लिंग, जंगम यांतील जंगम म्हणजे चालता-बोलता शिव. लिंगरूपाने तो तिच्या तळहातावर आहेच. तुमच्या पावलांनी तो तिच्या उंबऱ्याशीही यावा.

त्या माउलीच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी नुसता बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने स्नान केले, विभूती लावली आणि लिंग तळहातावर घेतले. प्रश्न तोच होता, अश्रूही तेच होते. पण ती तो आता आम्हां कोणाला विचारीत नव्हती, ज्याला विचारायचा त्यालाच विचारीत होती. रागावूनही लिंग हातातून सुटले नाही, यालाच निष्ठा म्हणतात.

शरणु शरणार्थी.