बोलाविलेला कावळा

भाद्रपदाचा कृष्णपक्ष लागला म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेतही, ओतशाळांच्या आणि यंत्रांच्या घरघरीतून वाट काढीत, 'काव, काव' अशी माणसाची हाक ऐकू येते. गच्चीवर पान मांडलेले असते आणि घरचा कर्ता पुरुष, थोडासा ओशाळून, आभाळाकडे पाहत असतो. वर्षभर ज्याला आपण हाकलतो, त्याची त्या दिवशी मनधरणी चालते. मराठी घरात 'कावळा' म्हणावयाचे, कोंकणी घरात 'कावळो', अजीजी तीच.

शरदाच्या आरंभी अमेरिकेत मात्र निराळीच हाक घालतात. तेथे कावळ्याची शिकार हा हौसेचा खेळ आहे, आणि आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक त्यासाठी बाहेर काढण्यात कित्येकांना अभिमान वाटतो. शिकारी झुडपाआड दडतो व शिटीतून संकटात सापडलेल्या कावळ्याचा आक्रोश काढतो. जातभाईच्या मदतीला थवा धावून येतो, आणि टप्प्यात आला की चाप ओढला जातो. मांस बहुधा कोणी खात नाही. १९७२ साली मेक्सिकोशी झालेल्या करारामुळे तेथे कावळ्याला थोडे छत्र मिळाले. आता हंगाम वर्षाकाठी १२४ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. त्याच १९७२ साली आमच्या वन्यजीव कायद्याने कावळ्याला उंदीर-वटवाघळांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात बसविले! २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट गळाले. तोपर्यंतची पन्नास वर्षे आम्ही पितरांचा दूत म्हणून त्याला पान वाढीत होतो, आणि त्या विसंगतीने कोणाचाही घास अडला नाही.

निपाणीकडील शेतकऱ्याला मी येथे दोष देत नाही. कावळा मक्याचे कणीस सोलतो, हे खरेच आहे. बांधावर उभे राहून त्याला हाकलणारा किंवा प्रसंगी मारणारा मनुष्य निदान त्याचा उघड वैरी असतो.

रामायणाच्या उत्तरकांडात एक कथा आहे. मरुत्त राजाच्या यज्ञात रावण येऊन ठाकतो, तेव्हा भ्यालेले देव प्राण्यांची रूपे घेतात. इंद्र मोर होतो, वरुण हंस, आणि यमधर्म कावळा. संकट टळल्यावर यम कावळ्याला वर देतो की, तू जेवलास म्हणजे माझ्या लोकीचे भुकेले जीव तृप्त होतील. हा भाग सर्वांस ठाऊक असतो, कारण त्यात आपली सोय आहे. परंतु यम आणखीही काही सांगतो. रोग तुला बाधणार नाहीत, आणि माणसे तुला मारीत नाहीत तोवर तुला मृत्यूचे भय नाही. म्हणजे प्रत्यक्ष यमाने आपला हात आवरला आणि कावळ्याचा प्राण आमच्या स्वाधीन केला. एवढा विश्वास आमच्यावर ठेवावा असे त्याला का वाटले असेल, कोण जाणे.

कोणी म्हणेल, श्राद्धाची हाक तरी निःस्वार्थ कोठे आहे? नाहीच. आम्हांला पितरांची तृप्ती हवी असते, कावळ्याची नव्हे. तरी आलेला कावळा घास घेऊन उडून जातो. शिटीची हाक मात्र त्याच्या भुकेला नव्हे, त्याच्या बंधुभावाला घातलेली असते. विजेच्या तारेवर एक कावळा मेला तर सारी वस्ती कशी कालवा करते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या जातीतील जे सर्वांत चांगले, त्याचाच गळ करावयाचा, येथे मला शिकारीचा विटाळ वाटतो. रक्ताचा तितका नाही.

हे मी दूर उभा राहून बोलत नाही. बाळपणी एका आप्तांच्या शेतावर त्यांच्या दुनळी बंदुकीने एक कावळा पडला. तो उचलून बांधावर पंख पसरून मांडण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणजे बाकीचे येतील. ते आले. पुष्कळ आले.

त्याच आप्तांच्या तिथीला आता पान मी मांडतो. 'काव, काव' म्हणताना माझी जीभ अडखळते; ते काम शेजारची मुले करतात.