भीती विकताना

भीती विकत घेण्यासाठी माणसे रांग लावतात, हे थोडे नवलच आहे. भयपटाचे तिकीट काढायचे, अंधारात बसून किंचाळायचे आणि बाहेर पडताना हसायचे, हा अनेकांचा आवडता विरंगुळा आहे. पण ही भीती लोकांपर्यंत पोहोचवणारा एक माणूस पडद्यामागे असतो. त्याचा विचार आपण सहसा करत नाही. तो म्हणजे चित्रपटाचे पोस्टर आणि जाहिराती तयार करणारा चित्रकार, म्हणजेच आजचा डिझायनर.

समजा, आपल्या रोडपालीतल्या एखाद्या इमारतीत राहणारा तरुण रोज लोकलने मुंबईला जाहिरात कंपनीत जातो. त्याच्याकडे एका भयपटाचे काम आले आहे. एक पोस्टर, हमरस्त्यावर लावायचा मोठा फलक आणि मोबाइलवर दिसणारी काही सेकंदांची जाहिरात. वरून आदेश एकच : बघणारा दचकला पाहिजे! हे काम त्याने करावे का? आणि केले तर कसे करावे?

काही जण चटकन म्हणतील, काम ते काम, त्यात पापपुण्य कसले? दुसरे काही तितक्याच चटकन म्हणतील, भुताखेतांचा धंदाच नको. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, म्हणूनच थोडे थांबून विचार करू या.

पहिली गोष्ट, भीती दाखवणे हे मुळात वाईट नाही. कोकणातल्या आजीने चकव्याच्या आणि वेताळाच्या गोष्टी सांगितल्या, त्या ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा मराठी घरांत आवडीने वाचल्या गेल्या. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) अंगावर काटा आणतो, पण त्याचा खरा विषय माणसाची हाव हा आहे. आपण ख्रिस्ती लोकांनी तरी भीतीचे चित्र कुठे टाळले? मायकेलअँजेलोने 1541 साली सिस्टाईन चॅपेलच्या भिंतीवर ‘अंतिम न्याय’ पूर्ण केला, त्यात खाली ओढल्या जाणाऱ्या माणसांचे चेहरे पाहून आजही थरकाप होतो. भीती माणसाला जागेही करू शकते.

मग प्रश्न कुठे येतो? तो जाहिरातीत येतो. पुस्तक वाचक स्वतः उघडतो. तिकीट प्रेक्षक स्वतः काढतो. ‘प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र असेल तर अठरा वर्षांखालील मुलाला दारावरच अडवतात. रस्त्यावरच्या फलकाला मात्र दार नसते. कळंबोलीच्या सर्कलवर सिग्नलला थांबलेल्या स्कूलबसमधले पाच वर्षांचे मूल तो फलक पाहतेच. त्याला कोणी विचारलेले नसते. चित्रपटातली भीती निवडलेली असते, फलकावरची लादलेली असते.

1997 साली व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क साधनांविषयीच्या मंडळाने जाहिरातीतील नीतिमत्तेवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात तीन कसोट्या सांगितल्या आहेत : सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी. आपल्या तरुणाचे काम या तीन कसोट्यांवर घासून पाहता येईल.

सत्यापासून सुरुवात करू. 1999 साली ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या अमेरिकन चित्रपटाच्या प्रचारात, त्यातले कलाकार खरोखरच बेपत्ता झाले आहेत असे भासवणारी पत्रके वाटली गेली. लोकांचा इतका विश्वास बसला की नायिकेच्या आईला सांत्वनाची पत्रे आली! प्रचार कमालीचा यशस्वी झाला. पण जिवंत मुलीसाठी शोकसंदेश स्वीकारणाऱ्या त्या आईचे काय? याउलट रामगोपाल वर्मा यांच्या ‘फूंक’च्या (2008) वेळी, चित्रपटगृहात एकट्याने बसून तो पाहणाऱ्याला पाच लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. तो बाजारचा गाजावाजा होता, पण उघड होता. पैज आहे हे सर्वांना ठाऊक होते. अतिशयोक्ती आणि फसवणूक यांत हा फरक आहे. महाराष्ट्रात तर अधिक जपायला हवे. जादूटोण्याच्या नावाखाली होणारे अत्याचार थांबवण्यासाठी 2013 साली आपल्याला कायदा करावा लागला. अशा समाजात कल्पित कथेवर ‘सत्यघटनेवर आधारित’ असा शिक्का मारणे ही साधी गंमत राहत नाही.

दुसरी कसोटी प्रतिष्ठेची. पोस्टरवर भूत म्हणून कोणाचा चेहरा येतो, हे कधी निरखून पाहिले आहे का? केस मोकळे सोडलेली बाई, पांढऱ्या साडीतली विधवा, सुरकुतलेली म्हातारी, शरीराने अधू माणूस. 2018 साली ‘द नन’ या चित्रपटाच्या पोस्टरवर तर धर्मभगिनीचाच भेसूर चेहरा झळकला. ज्या सिस्टरांनी आपल्या मुलांना अक्षरे शिकवली, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री जागवल्या, त्यांचा झगा भीतीची खूण झालेला पाहून आपल्याला वाईट वाटले, आणि ते स्वाभाविक आहे. पण मग एक प्रश्न स्वतःलाही विचारू या. विधवेला भूत केले तेव्हा आपल्याला वाईट वाटले होते का? इमारतीत एकट्या राहणाऱ्या आजीला मुले ‘हडळ’ म्हणून चिडवतात, ती कल्पना त्यांना कोठून मिळाली? आपल्या माणसाचा अपमान झाला तरच दुखणे ही न्यायबुद्धी नव्हे.

तिसरी कसोटी जबाबदारीची. त्याच ‘द नन’ची एक छोटी जाहिरात यूट्यूबवर अचानक किंचाळी फोडून बघणाऱ्याला दचकवत असे. तक्रारी आल्या आणि यूट्यूबने ती काढून टाकली. त्याआधी 2007 साली लॉस एंजेलिसमध्ये ‘कॅप्टिव्हिटी’ या चित्रपटाचे फलक लागले, त्यांवर एका तरुणीचे अपहरण, छळ आणि मृत्यू क्रमाने दाखवला होता. लोक संतापले, फलक उतरवावे लागले. खुलासा काय झाला? म्हणे, चुकीच्या फाइल छपाईला गेल्या! म्हणजे चित्र बनवले कोणीतरी, छापले कोणीतरी, टांगले कोणीतरी आणि जबाबदार कोणीच नाही. काम अनेक हातांत वाटले की विवेकबुद्धीही वाटली जाते आणि शेवटी कोणाच्याच वाट्याला उरत नाही.

म्हणून आपल्या तरुणाला सांगावेसे वाटते की, बाबा, काम सोडू नकोस, पण आपला वाटाही सोडू नकोस. घराचा हप्ता आहे, आईवडिलांचे औषधपाणी आहे, प्रत्येक वेळी नाही म्हणणे परवडत नाही, हे मान्य. पण साहेबांपुढे एकाऐवजी दोन नमुने ठेवणे तुझ्या हातात आहे. बिल गोल्ड या पोस्टरकाराने ‘द एक्झॉर्सिस्ट’साठी (1973) काय दाखवले? रात्रीची वेळ, दिव्याच्या खांबाजवळ बॅग घेऊन उभा असलेला एक माणूस आणि खिडकीतून येणारा उजेड. रक्त नाही, विद्रूप चेहरा नाही. तरीही ते चित्र पन्नास वर्षांनंतर लोकांच्या लक्षात आहे. सभ्य राहूनही भीती दाखवता येते. त्याला अधिक कसब लागते, एवढेच. आणि इतके करूनही खोटे लिही किंवा कोणाची विटंबना कर असा आग्रह झाला, तर तेथे मात्र स्पष्ट नकार द्यावा. काही वेळा त्याची किंमत मोजावी लागते. ती लहान असते असे म्हणून आपण त्याची फसवणूक करू नये. अशा वेळी त्याच्या पाठीशी उभे राहणे हे आपले, त्याच्या घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे काम आहे.

प्रिय वाचकहो, फलक न लावणाऱ्या आपल्या हातातही मोबाइल आहे. दचकवणारी चित्रफीत कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवताना तिकडे कोण पाहणार आहे, याचा विचार आपण करतो का? तिथे लहान नातू असेल, नुकतेच हृदयाचे ऑपरेशन झालेले काका असतील. ज्याने मागितली नाही त्याच्या दारात भीती नेऊन टाकायची नाही, एवढा नियम पाळायला डिझायनर असण्याची गरज नाही.