तुझ्यानंतर माझा नंबर

१५ ऑक्टोबर जवळ आला की आपल्याकडे वाचनाची काळजी भरात येते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस २०१५पासून राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. शाळांतून मुलांना पुस्तकं देऊन बसवतात, फोटो निघतात आणि व्यासपीठावरून कुणीतरी ते वाक्य बोलतंच: मुलांपर्यंत पुस्तकं पोचवा, ती आपोआप वाचायला लागतील. माझं भांडण या ‘आपोआप’शी आहे.

मोबाइलने वाचन संपवलं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ दवडू नये; टीव्ही आला तेव्हाही त्यांचं हेच भाषण होतं. इंग्रजी माध्यमावर खापर फोडणारे आपली नातवंडं कुठल्या शाळेत जातात ते बहुधा सांगत नाहीत. पुस्तकं पोचवणारी मंडळी मात्र वेगळी. ती प्रामाणिक असतात, पदरमोड करतात, खोकी स्वतः उचलतात. म्हणूनच त्यांचं गृहीतक तपासायचा धीर कुणाला होत नाही.

ते तपासायला आमचा ठाणे-कल्याण पट्टा सोयीचा आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. डोंबिवलीत २०१७ साली साहित्य संमेलन झालं. तिथल्याच पै फ्रेंड्स लायब्ररीने घरातलं वाचून झालेलं पुस्तक आणा आणि दुसरं न्या, असे आदान-प्रदानाचे सोहळे भरवले. लोकांनी पिशव्या भरून पुस्तकं आणली, हे त्या लायब्ररीचं श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. पण पुस्तकं हाताशी असण्याने वाचक घडत असते, तर या पट्ट्यातली तेरा ते सतरा वयाची मुलं आज मराठी कादंबऱ्यांवरून हमरीतुमरीवर आलेली दिसायला हवी होती. क्रिकेटवरून येतात.

यावर उत्तर ठरलेलं असतं: डोंबिवलीचं सोडा, विठ्ठलवाडीचं बोला. बोलू. विठ्ठलवाडी हे कर्जतच्या बाजूला कल्याणच्या पुढचंच स्टेशन. एका अंगाला उल्हासनगर, फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून वाढलेलं. दुसऱ्या अंगाला कल्याण पूर्वेच्या चाळी आणि नव्या इमारती. एसटीचं आगार आहे, क्लासेस आहेत, कानावर मराठी, सिंधी, हिंदी आणि तिन्हींची मिसळ. आठवीतल्या पोराने नुसतं पुस्तक बदलायला लोकल पकडून कल्याणला जावं, हे त्याच्या घरच्यांनाही पटणार नाही. अंतर खरं आहे. ते मिटलं की प्रश्न मिटतो, एवढंच मला कबूल नाही.

त्याच स्टेशनच्या फलाटावर क्लास सुटून आलेल्या तीन मुली पाहिल्या. तिघींत एक पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, त्यामुळे नाव काही कळलं नाही. पानांतून तीन खुणा डोकावत होत्या: एक लोकलचं तिकीट, एक चॉकलेटची चांदी, एक केसांची काळी पिन. पिनवाली सगळ्यांत पुढे होती. बाकीच्या दोघी तिला ‘पुढचं सांगू नको हां’ म्हणून दटावत होत्या आणि लगेच ‘तो परत येतो का, एवढंच सांग’ असंही विचारत होत्या. भांडण मराठीत चाललं होतं, मध्येच हिंदीत. गाडी आली तेव्हा पुस्तक कुणाच्या दप्तरात जायचं यावरून ओढाताण झाली आणि ‘आज माझा नंबर’ म्हणत चांदीवालीने ते नेलं.

या वयापुरता मला एकच फरक महत्त्वाचा वाटतो: कपाटात असलेलं पुस्तक आणि नंबर लागलेलं पुस्तक. कपाटातलं पुस्तक उद्याही वाचता येतं, म्हणून ते उद्यावर जातं. नंबर लागलेल्या पुस्तकाला शनिवारपर्यंतची मुदत असते, कारण शनिवारी ते मागायला कुणीतरी येणार असतं. ते येणारं माणूस आपल्या बाकावरचं असतं. त्याला आपण कुठवर पोचलो हे ठाऊक असतं आणि न वाचता परत दिलं तर ते विचारणार असतं. चाळिशीतला वाचक एकट्याने वाचतो, त्याला या तगाद्याची गरज नसेल. चौदाव्या वर्षी वाचन हा बराचसा सोबतीचा मामला असतो. मोठी माणसं आदान-प्रदानात जे देतात, ते त्यांचं वाचून संपलेलं असतं; त्यातून मन निघालेलं असतं. मूल जे देतं त्यात त्याचा जीव अजून अडकलेला असतो. दोन्हींना आपण ‘पुस्तक देणं’च म्हणतो आणि पहिल्याची व्यवस्था लावून दुसऱ्याची फळं मागतो.

हे टंचाईचं कौतुक आहे, असं मला ऐकवलं गेलं आहे. आमच्या लहानपणी एका फास्टर फेणेवर अख्खी चाळ वाचायची, या छापाच्या आठवणींचा मलाही कंटाळा आहे, भा. रा. भागवतांना त्यात उगाच वेठीला धरलं जातं. पण आक्षेप लागू पडत नाही. हॅरी पॉटरचा सातवा भाग २१ जुलै २००७ रोजी जगभर एकाच दिवशी आला. प्रतींची टंचाई नव्हती. तरी ज्या मुलांच्या घरी स्वतःची प्रत होती, तीही धावत सुटली, कारण सोमवारी शाळेत कुणीतरी शेवट फोडणार होतं. तिथे कमी होता तो वेळ. पुस्तक सगळ्यांसाठी एकदमच नवं होतं, आणि त्या नवेपणात आपण मागे पडू नये एवढीच धास्ती. नोव्हेंबर १९७१मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’ची दर महिन्याला वाट पाहिली जायची, त्यातही हेच होतं. दान म्हणून आलेल्या खोक्यात ते असू शकत नाही. त्यातली पुस्तकं उत्तम असली तरी ती कुणासाठीच नवी नसतात.

उपलब्धतावाद्यांचा शेवटचा मुद्दा असतो, मुलांसाठी मराठीत नवं येतंच कुठे? अगदीच काही येत नाही असं नाही. शिवाय जे या वयाला खरोखर लागू पडतं, ते आपण मुलांचं म्हणून ठेवतच नाही. प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ १९९४चा, मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ २००४ची. अनेक ठिकाणी ही दोन्ही मोठ्यांच्या कपाटात असतात आणि बालसभासदाच्या कार्डावर मिळत नाहीत.

आणि नवं पुस्तक ग्रंथालयात आलं की काय होतं? गठ्ठा बिलाशी ताडून पाहतात, दाखल नोंदवहीत चढवतात, दाखल क्रमांक पडतो, जांभळा शिक्का बसतो, मागे तारखेची चिठ्ठी चिकटते. मग काचेचं कपाट आणि कुलूप. पुस्तक मुलाच्या हाती येईपर्यंत त्याची बातमी शिळी झालेली असते. सेवकांना दोष देण्यात अर्थ नाही. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयाला हिशेब द्यावा लागतो, प्रत गहाळ झाली तर उत्तरही द्यावं लागतं. कुलूप त्या भीतीचं आहे.

म्हणून मागणी लहानशी आहे, निदान बालविभागाच्या नव्या खरेदीपुरती. गठ्ठा फुटायचा दिवस आधी फळ्यावर लिहावा आणि मुलांसमोरच तो फोडावा. एक प्रत चार-पाच जणांच्या टोळीला एकत्र द्यावी, नंबर त्यांचे त्यांनी लावावेत, ती वही टेबलावर उघडी असावी. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती घेऊ नयेत, असंही मी म्हणतो, आणि हे ऐकून पुस्तकं पोचवणारे माझे स्नेही खवळतात. त्या पैशांत पाच वेगळी पुस्तकं येतात आणि पाच रांगा लागतात. यात वर्षाकाठी काही प्रती हरवतील, काहींचं कव्हर जाईल, एखादी कुणाच्या तरी गादीखाली राहील. तो खर्च वार्षिक समारंभातल्या शाल-श्रीफळाच्या खात्यातून वळता करायला कार्यकारिणीची हरकत नसावी.