दुसरी भीती

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून काही वर्षं झाल्यावर, १८७१ मध्ये, फिलाडेल्फियाच्या जेकब दा कोस्टा या डॉक्टरने तीनशेहून अधिक सैनिकांच्या तक्रारी एका लेखात मांडल्या. छातीत धडधड, दम लागणं, छातीत कळ, चक्कर. हृदयात तर बहुतेकांच्या काही बिघाड सापडेना. तरी दा कोस्टाने आजाराला 'चिडखोर हृदय' म्हटलं आणि डिजिटॅलिससारखी हृदयाची औषधं दिली. आज त्याला हसणं सोपं आहे. पण 'ईसीजी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका' एवढ्यावर पेशंटची बोळवण करण्यापेक्षा त्याचं बरंच म्हणायचं. त्याने धडधड खरी मानली होती.

ही धडधड येते कुठून, याचा धागा हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅननला मिळाला, तोही हृदयात नव्हे, मांजराच्या पोटात. क्ष-किरण नवे होते. बिस्मथ मिसळलेलं अन्न खाऊ घालून तो मांजरांच्या जठराची हालचाल पडद्यावर बघत असे. मांजर बिथरलं की जठर जागच्या जागी थांबायचं. पाठीवरून हात फिरवून त्याला शांत केलं की पुन्हा चालू व्हायचं. पुढे त्याने ॲड्रेनलिनपर्यंत माग काढला आणि १९१५ च्या पुस्तकात चित्र पुरं केलं: संकट दिसलं की शरीर पचन थांबवतं, रक्त स्नायूंकडे वळवतं, साखर मोकळी करतं. लढा, नाहीतर पळा. म्हणजे पोटात गोळा येणं हा दुबळेपणा नव्हेच, ती तयारी आहे. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत दिलासा देणारी गोष्ट, आणि ती पेशंटला क्वचितच कुणी सांगतं.

मग ही तयारी मोडायची कशी? शिकागोच्या एडमंड जेकबसनने स्नायूंपासून सुरुवात केली: ताण ओळखायचा, सोडायचा, एकेका अवयवाने पुढे जायचं. त्याचं पुस्तक १९२९ चं. आपल्याकडे त्याआधीच, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभारून योगक्रिया प्रयोगशाळेत आणल्या होत्या. उड्डियान आणि नौलीत पोटात नेमकं काय होतं हे तेही क्ष-किरणांनीच तपासत होते. संथ श्वासाचं महत्त्व तर आता सगळेच सांगतात. त्यात तथ्य आहे: श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, त्यामागे व्हेगस हा मज्जातंतू असतो. पण मोबाइलवर 'व्हेगस रीसेट' म्हणून जे काही विकलं जातं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा शरीरशास्त्राशी संबंध पातळच.

खरं वळण आलं ते ऑस्ट्रेलियातून. क्लेअर वीक्स मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ, सरड्यांवर संशोधन केलेल्या. डॉक्टर झाल्या त्या नंतर. तरुणपणी त्यांच्या धडधडीला क्षय समजून उपचार झाले होते. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितलं की खंदकात आमचंही असंच व्हायचं, त्या धडधडीलाच तू घाबरते आहेस. १९६२ पासून लिहिलेल्या पुस्तकांत त्यांनी दोन भीती वेगळ्या काढल्या. पहिली शरीराची, आपोआप उसळणारी, थोड्या वेळात ओसरणारी. दुसरी आपण तिच्यावर चढवतो ती: 'आता काय होणार? अटॅक तर नाही?' ही दुसरी भीती ॲड्रेनलिनचा नळ पुन्हा उघडते. वीक्स म्हणत, झगडू नका, लाट येऊ द्या, जाऊ द्या. विद्यापीठातल्या मानसोपचारवाल्यांनी बराच काळ त्यांना फारसं मोजलं नाही. पण १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्कने पॅनिकची जी उपपत्ती मांडली, तिचाही गाभा हाच: शरीरातल्या साध्या संवेदनांचा भयंकर अर्थ लावणं.

इथे प्राणायाम करणाऱ्यांनीही सावध व्हावं. रोजचा सराव म्हणून तो उत्तमच. पण धडधड सुरू झाली की 'आता थांबलीच पाहिजे' म्हणून नाक दाबून बसणं ही दुसरी भीतीच. फक्त आसन घालून बसलेली. बाजारात जायचं टाळणं, लोकलमध्ये दाराजवळच उभं राहणं, पाण्याची बाटली नि गोळी खिशात असल्याशिवाय बाहेर न पडणं, हेही त्यातच मोडतं. तात्पुरतं बरं वाटतं, भीती मात्र वर्षानुवर्षं पोसली जाते.

तेव्हा छातीत पहिल्यांदा दुखलं तर तपासणी जरूर करा. अंदाजावर राहू नका. तपासण्या स्वच्छ असूनही भीती कामधंदा अडवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.