क्यूबा : देशाचे स्वातंत्र्य आणि नागरिकाचे स्वातंत्र्य

क्यूबाच्या क्रांतीविषयी दोन ठाम मते वर्षानुवर्षे चालत आली आहेत. एका मतानुसार ती अमेरिकेच्या दाराशी मॉस्कोने घडवलेली उलथापालथ. दुसऱ्यानुसार ती महासत्तेला पुरून उरलेल्या छोट्या देशाची निष्कलंक गाथा. घटनाक्रमाशी ताडून पाहिले तर यातले एकही मत टिकत नाही. या क्रांतीने दोन वचने दिली होती : देश परक्यांच्या हुकमतीतून सोडवू आणि राज्यकारभार नागरिकांच्या हाती देऊ. पहिले वचन तिने अपार किंमत मोजून पाळले. दुसरे मोडले. तिचे मूल्यमापन करताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगायला हव्यात.

कारणे शोधायची तर 1898 पर्यंत मागे जावे लागते. स्पेन गेला आणि अमेरिका आली. 1901 साली प्लॅट दुरुस्तीने क्यूबात हस्तक्षेप करण्याचा अमेरिकेचा हक्क थेट क्यूबाच्या राज्यघटनेत घातला गेला. 1903 साली ग्वांतानामोचा नाविक तळ भाडेपट्ट्याने घेतला गेला. हस्तक्षेपाचा हक्क 1934 साली रद्द झाला, तळ मात्र आजही अमेरिकेकडे आहे. क्रांतीनंतर त्याच्या भाड्याचा एकच धनादेश वटवला गेला. पुढचे सगळे हवानाने न वटवता ठेवून दिले. पैसे घेणे म्हणजे करार मान्य करणे, अशी क्यूबाची भूमिका होती.

दुसरे कारण साखर. गाळपाचा हंगाम वर्षातले काही महिनेच चाले. उरलेल्या काळाला क्यूबातले लोक ‘मृत काळ’ म्हणत. त्या महिन्यांत लाखो मजुरांच्या हाताला काम नसे. साखरेचे मोठे गिऱ्हाईक एकच, अमेरिका. आणि किती साखर घ्यायची हे ठरे वॉशिंग्टनमध्ये. सरासरी उत्पन्नात क्यूबा लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्या स्थितीतल्या देशांपैकी होता, पण हवानातल्या कॅसिनोंची झगमग आणि खेड्यातल्या ताडपानांनी शाकारलेल्या झोपड्या यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

तरीही केवळ दारिद्र्याने क्रांत्या होत नाहीत. मतपेटीचा रस्ता बंद झाला, तेव्हा बंदुकीचा उघडला. जून 1952 मध्ये निवडणुका व्हायच्या होत्या. फिडेल कॅस्ट्रो नावाचा तरुण वकील त्यांत उमेदवार होता. 10 मार्चला फुल्हेन्सियो बातिस्ताने लष्कराच्या बळावर सत्ता बळकावली आणि त्या निवडणुका झाल्याच नाहीत. 26 जुलै 1953 रोजी कॅस्ट्रोने सान्तियागोतल्या मोंकादा बराकींवर हल्ला केला. तो फसला. खटल्यात त्याने स्वतःची बाजू मांडली, तेव्हाची मुख्य मागणी होती 1940 च्या राज्यघटनेची पुनःस्थापना. क्यूबाच्या जुन्या कम्युनिस्ट पक्षाने त्या हल्ल्याला आततायीपणा म्हणून झिडकारले होते. मॉस्कोच्या कटाची कथा इथेच कोसळते.

डिसेंबर 1956 मध्ये ‘ग्रान्मा’ या छोट्या बोटीतून कॅस्ट्रोसह 82 जण मेक्सिकोहून येऊन क्यूबात उतरले. सिएरा माएस्त्राच्या डोंगरात त्यांतले जेमतेम वीसेक पोहोचले. पुढची कथा दाढीवाल्या कमांडरांची म्हणून सांगितली जाते. चे गेव्हारा आणि कामिलो सिएनफुएगोस यांचा पराक्रम खराच होता. पण शहरांतल्या भूमिगत जाळ्यावाचून डोंगरातली तुकडी तगली नसती. सान्तियागोत हे जाळे विणणारा फ्रँक पाईस पाद्र्याचा मुलगा, पेशाने शिक्षक. जुलै 1957 मध्ये पोलिसांनी त्याला रस्त्यात गोळ्या घातल्या, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. सेलिया सांचेसने माणसे, अन्न आणि शस्त्रे डोंगरात पोहोचवली. मार्च 1958 मध्ये अमेरिकेने शस्त्रपुरवठा थांबवला, बातिस्ताचे सैन्य आतून खचले आणि 1 जानेवारी 1959 ला तो पळून गेला.

मॉस्को आले त्यानंतर. मे 1959 च्या जमीन सुधारणा कायद्याने बड्या जमीनदारीवर मर्यादा घातली. तिची झळ अमेरिकी कंपन्यांना बसली, तशी कॅस्ट्रोच्या स्वतःच्या घरालाही. फेब्रुवारी 1960 मध्ये सोव्हिएत नेते अनास्तास मिकोयान हवानात आले आणि साखर-तेलाचा सौदा झाला. अमेरिकी कंपन्यांनी सोव्हिएत तेल शुद्ध करायला नकार दिला, क्यूबाने रिफायनऱ्या ताब्यात घेतल्या, अमेरिकेने साखरेचा कोटा तोडला, क्यूबाने साखर कारखाने व इतर अमेरिकी मालमत्ता राष्ट्रीयीकृत केली. एप्रिल 1961 मध्ये सीआयएने तयार केलेले सुमारे 1,400 निर्वासित बे ऑफ पिग्सवर उतरले आणि तीन दिवसांत हरले. ते उतरण्याच्या आदल्याच दिवशी कॅस्ट्रोने क्रांतीला जाहीरपणे ‘समाजवादी’ म्हटले होते. क्यूबा सोव्हिएत गोटात गेला तो या चढत्या वैराच्या पायऱ्यांनी, आणि त्यांतल्या कित्येक पायऱ्या वॉशिंग्टनने बांधल्या.

ऑक्टोबर 1962 मध्ये जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आले. 28 तारखेला सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव यांनी क्यूबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रे मागे घेण्याची घोषणा केली; त्याच्या बदल्यात तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रे काढण्याचे गुप्त आश्वासन मिळाले होते. या सौद्यात क्यूबाला कोणी विचारलेही नाही. कॅस्ट्रो संतापले. त्यांची समजूत घालायला पुन्हा मिकोयान आले. मॉस्कोत पत्नीचा मृत्यू झाल्याची बातमी त्यांना हवानात कळली, तरी वाटाघाटी सोडून ते परतले नाहीत. मैत्री इतकी मोलाची होती, पण बरोबरीची नव्हती.

त्या आठवड्यांची झळ आपल्यालाही लागली होती. 20 ऑक्टोबरला चीनने हिमालयात मोठा हल्ला केला. क्यूबाच्या पेचात चीनची साथ हवी म्हणून मॉस्कोने सुरुवातीला चीनकडे झुकते माप दिले. 25 तारखेच्या ‘प्रावदा’ने चीनच्या प्रस्तावांची तरफदारी केली. पेच निवळल्यावरच सूर बदलला. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते याच पार्श्वभूमीवर. बड्यांच्या भांडणात मित्राचा शब्दही कसा डळमळतो, हे हवाना आणि दिल्लीने एकाच महिन्यात अनुभवले.

पुढे 1963 मध्ये दोन्ही महासत्तांमध्ये थेट संपर्कयंत्रणा आली आणि अणुचाचण्यांवर मर्यादित बंदीचा करार झाला. क्यूबाने मात्र निमूट प्यादे होणे नाकारले. 1975 मध्ये अंगोलात सैन्य पाठवण्याचा निर्णय त्याने स्वतः घेतला. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला रोखण्यात आणि नामिबियाच्या स्वातंत्र्यात त्या सैन्याचा मोठा वाटा आहे. मायदेशी 1961 च्या साक्षरता मोहिमेत सुमारे एक लाख तरुण कंदील आणि पुस्तके घेऊन खेड्यांत राहायला गेले आणि वर्षभरात सात लाखांहून अधिक लोक लिहूवाचू लागले. ही कमाई कोणत्याही महासत्तेची नव्हे, क्यूबाच्या माणसांची.

मग दुसऱ्या वचनाचे काय? अमेरिकेने वेढा घातला म्हणून स्वातंत्र्ये आवळावी लागली, असे समर्थन केले जाते. पण तारखा पाहा. कम्युनिस्टांच्या वाढत्या प्रभावाला आक्षेप घेत क्रांतीतलाच एक कमांडर, उबेर मातोस, ऑक्टोबर 1959 मध्ये राजीनामा देतो आणि त्याला वीस वर्षांची शिक्षा होते. तेव्हा साखरेचा कोटा तुटायचा होता, बे ऑफ पिग्स दीड वर्ष दूर होते. 1940 ची राज्यघटना परत आली नाही, बहुपक्षीय निवडणुका झाल्या नाहीत. 1965 पासून धार्मिक लोकांना आणि समलिंगी पुरुषांना श्रमछावण्यांत डांबले गेले. वेढ्याने हे सोपे केले, हे खरे. पण निर्णय हवानाचे होते.

माझ्या मते या क्रांतीचा खरा धडा इथे आहे. परकी सत्ता हटवणे हे स्वातंत्र्याचे पहिले काम. जिच्या नावाने ती हटवली त्या जनतेला आपले सरकारही बदलता आले पाहिजे. बाहेरचा शत्रू खरा असला, म्हणून आतल्या प्रश्नकर्त्याला शत्रू ठरवण्याचा परवाना मिळत नाही. आणि आतली दडपशाही खरी असली, म्हणून एका देशाची दशकानुदशके कोंडी करण्याचा अधिकारही कोणाला मिळत नाही. 1992 पासून संयुक्त राष्ट्रांची आमसभा क्यूबावरच्या अमेरिकेच्या आर्थिक निर्बंधांविरुद्ध ठराव करत आली आहे, तो योग्यच आहे. जुलै 2021 मध्ये रस्त्यावर उतरलेल्या क्यूबन नागरिकांची स्वातंत्र्याची मागणीही तितकीच योग्य होती. क्यूबावर ज्यांचे प्रेम आहे, त्यांनी या दोन्हींच्या बाजूने बोलले पाहिजे.